लातूरचे मामा, पुण्याची तालीम

मराठवाड्यातला कोवळा पोरगा घर सोडून पुण्याच्या तालमीत कशामुळे टिकतो? मॅट आणि खुराक लागतातच. पण ते इतरत्रही मिळतात. त्याला टिकवतं ते तालमीतलं घरपण. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत सगळ्यांचे ‘मामा’ होते. बीडचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली घडला. २०११ मध्ये मामा गेले. पुढे लातूरच्याच काका पवारांनी त्याला सांभाळलं. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं कुस्तीचं सुवर्ण राहुलने मामांना अर्पण केलं. नुसत्या सोयींसाठी आलेला मल्ल असं करत नाही.

घरपणात धाकही असतो, पोरं दुखापत लपवतात, हा आक्षेप खराच. म्हणून डॉक्टरचा शब्द वस्तादाच्या वर हवा. तरी पालकांनो, तालीम निवडताना एवढं विचाराच : पोरगं तापाने फणफणलं तर उशाशी कोण बसतं?