मदत करायलाही शिकावं लागतं

रमजानात शिध्याचं किट एखाद्या बाईच्या हातात ठेवलं, की आपलं काम झालं असं वाटतं. तिचं रेशनकार्ड का नाही, मुलानं शाळा का सोडली, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही. थांबून विचारायचं आणि मार्ग शोधायचा, हे शिकवणारी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी म्हणजे एमएसडब्ल्यू.

भारतात या शिक्षणाची सुरुवात १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी तिथल्या कष्टकरी वस्तीत आधीच काम उभं केलं होतं. पुढं त्याच शाळेची टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाज सेवा संस्था आहे.

कोणत्याही शाखेच्या पदवीधराला हा रस्ता खुला आहे. वर्गाइतकंच वजन क्षेत्रकार्याला असतं. रुग्णालयात, वस्तीत, महिला समुपदेशन केंद्रात. समोरच्याचं गुपित जपा आणि त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्या, हे तिथं मुरतं.

तरी मुलीनं हा विषय काढला, की घरचे म्हणतात, “सवाबच्या कामाला डिग्री कशाला?” औषध देणाऱ्याची पदवी आपण पाहतो ना? मग मोडलेलं घर सावरायला जाणाऱ्याची का पाहू नये? या ईदीत तिची प्रवेश फी भरून तर बघा.