कोरेल्लीचा घाट आणि हॅन्डेल

इ. स. १७०७ मध्यें रोम शहरांत एक तालीम चालली होती. रचना हॅन्डेल या २२ वर्षांच्या जर्मन तरुणाची. वाद्यवृंदाचा अग्रणी आर्कांजेलो कोरेल्ली. कोरेल्ली तेव्हां ५४ वर्षांचा होता व व्हायोलिनवादनांत त्याचा शब्द प्रमाण मानला जात असे. रचनेचा आरंभ फ्रेंच धाटणीचा होता: प्रथम तुटक लयीचा भारदस्त संथ भाग, मागाहून धांवता. त्यांतील आवेश कांहीं केल्या कोरेल्लीच्या गजांत उतरेना. उतावळ्या हॅन्डेलनें त्याच्या हातचें व्हायोलिन हिसकून स्वतः वाजवून दाखविलें. ही फ्रेंच शैली, तींत आपणांस गति नाहीं, एवढेंच कोरेल्ली शांतपणें म्हणाला. हॅन्डेलच्या १७६० सालच्या चरित्रांत ही हकीकत आहे.

कोरेल्लीचे बारा ‘कॉन्चेर्तो ग्रोस्सो’ त्याच्या मृत्यूनंतर १७१४ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध झाले. त्यांत दोन व्हायोलिनें व एक चेलो यांचा लहान गट असतो आणि भोंवतीं सारा वृंद. लहान गट कांहीं सांगूं लागतो, मोठा तें उचलून धरतो, क्वचित् मध्येंच अडवितो. एकट्याच्या करामतीला येथें वाव थोडा. इंग्लंडांतील हौशी वादकमंडळांस या रचनांनीं वेड लावलें.

पुढें व्हिवाल्डीनें एकाच वादकाला पुढें काढणारा तीन भागांचा तडफदार कॉन्चेर्तो रूढ केला आणि युरोप त्याच्यामागें गेला. हॅन्डेलनें मात्र १७३९ च्या सप्टेंबरअखेर लंडनमध्यें लेखणी हातीं धरली ती कोरेल्लीच्या जुन्या घाटासाठीं! तींच तीन वाद्यें पुढें, कॉन्चेर्तोही बाराच. महिनाभरांत काम संपलें. त्याचेंही वय आतां ५४ होतें. संग्रह वर्गणीदारांच्या बळावर १७४० मध्यें छापला गेला, व पुढल्या आवृत्तींत त्यास कोरेल्लीच्या संग्रहाचाच सहावा क्रमांक मिळाला.

कोरेल्लीवर लुब्ध असलेल्या गिऱ्हाइकांकडे प्रकाशकाची नजर असेलच. परंतु निव्वळ अनुकरण म्हणावें तर सातवा कॉन्चेर्तो ऐकावा. त्यांतील एका फ्यूगचा विषय एकाच स्वरावर ठाण मांडून बसतो: दोन लांब आघात, चार आंखूड, आठ त्याहून आंखूड! असली थट्टा कोरेल्लीच्या सौम्य शिस्तींत शोभली नसती.

आणि दहावा कॉन्चेर्तो? तो उघडतो तोच फ्रेंच धाटणीच्या आरंभानें. रोममध्यें त्या तालमीनंतर हॅन्डेलनें, त्याच हकीकतीप्रमाणें, आपला फ्रेंच आरंभ काढून टाकून त्या जागीं इटालियन पद्धतीचा नवा लिहून दिला होता.