आलेलाच आकडा लिहा

इंजिनीअरिंगला गेलेल्या आपल्या मुलांना सर्वांत जास्त कंटाळा येतो तो प्रॅक्टिकलची फाइल लिहिण्याचा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, आकडेमोड, निष्कर्ष हा क्रम पाठ असतो. सीनियरची जुनी फाइलही हाताशी असते. मग एका रात्रीत दहा प्रयोग उरकतात!

मी बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात सूत आणि कापड तपासण्याचे काम करतो. माझा दिवसच असे रिपोर्ट लिहिण्यात आणि वाचण्यात जातो. माझी भाची टेक्स्टाइल इंजिनीअरिंग शिकते. एप्रिलमध्ये ती सौंसरला आली तेव्हा तिची फाइल अपुरी होती. प्रयोग होता कापसातला ओलावा मोजण्याचा. १० ग्रॅम कापूस सुमारे १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन कमी होणे थांबेपर्यंत सुकवायचा. सुकल्यावर वजन भरले ९.५० ग्रॅम.

"मामा, पुस्तकात ८.५ टक्के आहे आणि माझं ५.३ आलं. ८.५ च लिहून टाकू का? सगळे तेच लिहितात."

मी विचारले, "त्या दिवशी खोलीतली आर्द्रता किती होती?" नशिबाने तिने रफ वहीत नोंद केली होती, ४० टक्क्यांच्या आसपास. उत्तर तिथेच होते. आपल्याकडे अशा चाचणीसाठी प्रमाण हवा म्हणजे २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता. कापूस हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. हवा कोरडी, तर कापूसही कोरडा. तिचे ५.३ चुकीचे नव्हते, ते त्या दिवसाच्या हवेचे खरे उत्तर होते. ८.५ लिहिले असते, तर प्रयोगातून शिकण्यासारखी एकमेव गोष्ट पुसली गेली असती.

आणखी दोन गोष्टी तिला सांगितल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. पहिली, टक्के कशाचे ते लिहा. अर्धा ग्रॅम पाणी सुक्या वजनावर मोजले तर ५.३ टक्के, ओल्या वजनावर मोजले तर ५ टक्के. दोन्ही आकडे खरे, पण नावे वेगळी. दुसरी, कॅल्क्युलेटर ५.२६३१५८ दाखवतो म्हणून तसे उतरवू नका. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो आणि वजन दोनदा केलेले आहे. म्हणजे अर्ध्या ग्रॅममध्ये ०.०२ चा फरक पडू शकतो. म्हणून ५.३, फार तर ०.२ इकडे-तिकडे, एवढेच आपल्याला माहीत आहे.

न जुळणारा आकडा लपवला नाही तर काय होते, याचे मोठे उदाहरण लॉर्ड रॅले यांचे. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरत होता. त्यांनी १८९२ साली तो फरक जाहीरपणे मांडून इतरांनाच कारण विचारले. १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांना त्यात दडलेला आरगॉन वायू सापडला. १९०४ साली दोघांनाही नोबेल मिळाले, एकाला भौतिकशास्त्राचे, दुसऱ्याला रसायनशास्त्राचे.

आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या घरांत तर हा ओलाव्याचा आकडा परका नाहीच. हमीभावाने कापूस विकताना ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२ च्या वर खरेदीच नाही. वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याचे पैसे त्या एका आकड्यावर ठरतात. उद्या तो आकडा लिहिणारा हात तुमच्यापैकीच कुणाचा तरी असेल. कॉलेजात पुस्तकातला आकडा उतरवायची सवय लागली, तर तिथे ती सुटेल का?

म्हणून मुलांनो, एक साधी युक्ती सांगतो. फाइल इंग्रजीत लिहायची असली तरी आधी घरात आजीला मराठीत सांगा: काय मोजलं, कशानं मोजलं, किती आलं, आणि पुस्तकाशी का जुळलं नाही. आजीला समजलं, की निष्कर्ष तयार झाला. मग तो इंग्रजीत उतरवायला अर्धा तासही लागत नाही, आणि व्हायवात कुणी काहीही विचारलं तरी उत्तर तुमचं स्वतःचं असतं.