न बोलणाऱ्यांची साक्ष

ज्यांचें बालपण खेड्यांतील शाळेंत गेलें, त्यांना 'दिपोटी' या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. दिपोटीसाहेब यावयाचे म्हटलें कीं आदल्या दिवशीं शाळा सारवून निघे, फळा काळाभोर होई, हजेरीपट पुरा केला जाई आणि वर्गांतील हुशार चार मुलें पुढच्या रांगेंत येऊन बसत. साहेब पाढे विचारीत, शेरेबुकांत चार ओळी लिहीत आणि निघून जात. शेरा बहुधा 'समाधानकारक' असा असे. मागच्या रांगेंतील मुलाला काय येतें, हें मात्र त्या शेऱ्यांत क्वचितच उतरे.

हा दोष शाळेपुरता असता तर एक वेळ चालून गेलें असतें. परंतु ज्या घरांत राहणाऱ्या माणसांना आपलें दुखणें किंवा गाऱ्हाणें शब्दांत सांगतां येत नाहीं, अशा घराची तपासणी करावयाची असते, तेव्हां मागच्या रांगेचा हा प्रश्न थेट जिवाशीं येऊन भिडतो. इंग्लंडमध्यें बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठीं जीं निवासगृहें व रुग्णालयें आहेत, त्यांच्या तपासणीचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे वेड नव्हे, आणि तो औषधानें बरा होणारा रोगही नव्हे. नवी गोष्ट समजून घेणें, पैशांचा हिशेब ठेवणें, एकट्यानें प्रवास करणें अशा व्यवहारांत या माणसांना लहानपणापासून अडचण पडते. कोणाला ती थोडी पडते, तर कोणाला जेवणाखाण्यापासून न्हाण्याधुण्यापर्यंत दुसऱ्याचा हात लागतो. पण आवडनिवड, लाज, राग, मैत्री हीं सर्वांनाच असतात. आईबाप थकले किंवा निवर्तले म्हणजे यांपैकीं पुष्कळांना निवासगृहाचा आश्रय घ्यावा लागतो.

एके काळीं ब्रिटनमध्यें अशा माणसांना मोठमोठ्या रुग्णालयांत जन्मभर ठेवण्याचा प्रघात होता. वेल्समधील कार्डिफ शहरांत ईली नांवाचें असेंच एक रुग्णालय होतें. तेथील एका कर्मचाऱ्यानें आंत चाललेल्या क्रौर्याची हकीकत १९६७ सालीं एका वृत्तपत्राला कळविली. पुढें प्रसिद्धीस आलेले राजकारणी जेफ्री हाउ यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली, आणि तिचा अहवाल १९६९ सालीं प्रसिद्ध झाला. अशा रुग्णालयांना बाहेरच्या माणसांनीं भेटी देऊन पाहणी करावी, ही पद्धति तेथून रूढ झाली. १९७१ सालच्या सरकारी श्वेतपत्रिकेनें मोठीं रुग्णालयें कमी करून वस्तींतील निवासाची सोय वाढविण्याचें धोरण जाहीर केलें. यथावकाश २००० सालीं देखभालीच्या दर्जाचा कायदा झाला, आणि २००९ च्या एप्रिलपासून इंग्लंडमधील सर्व निवासगृहें व रुग्णालयें 'केअर क्वालिटी कमिशन' या एकाच आयोगाच्या तपासणीखालीं आलीं.

व्यवस्था कागदावर उत्तम होती. दोन वर्षांतच तिची परीक्षा झाली, आणि तींत ती सपशेल नापास झाली.

ब्रिस्टल शहराजवळ 'विंटरबोर्न व्ह्यू' नांवाचें चोवीस खाटांचें एक खासगी रुग्णालय होतें. बौद्धिक दिव्यांगांना कांहीं काळ ठेवून घेऊन त्यांची पाहणी व उपचार करावयाचे, हा त्याचा हेतु. दर माणसामागें आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सार्वजनिक तिजोरींतून मोजले जात होते. तेथें तपासनीस जाऊन आलेले होते. तेथील एका ज्येष्ठ परिचारकानें २०१० सालीं आपल्या वरिष्ठांना आणि खुद्द आयोगालाही लेखी कळविलें कीं येथें माणसांना मारहाण होत आहे. कोणी हालचाल केली नाहीं. अखेर बीबीसीच्या एका वार्ताहरानें परिचारक म्हणून नोकरी धरली आणि लपविलेल्या कॅमेऱ्यानें पांच आठवडे चित्रण केलें. ३१ मे २०११ रोजीं तें साऱ्या देशानें पाहिलें. असहाय माणसांना चापट्या मारणें, जमिनीवर दाबून धरणें, कपड्यांनिशीं थंड पाण्याखालीं धरणें असे प्रकार त्यांत होते. त्याच वर्षीं रुग्णालय बंद झालें. अकरा कर्मचाऱ्यांनीं न्यायालयांत गुन्हा कबूल केला, व २०१२ च्या ऑक्टोबरांत त्यांपैकीं सहांना तुरुंगवास झाला. इशारे मिळूनही आपण दखल घेतली नाहीं, ही चूक आयोगालाही कबूल करावी लागली.

या प्रकरणांतील खरी शिकवण कर्मचाऱ्यांच्या दुष्टपणांत शोधूं नये. पुढें झालेल्या चौकशींत असें दिसलें कीं रुग्णांना बळानें धरून ठेवल्याच्या २०१० या एका वर्षांत ३७९ नोंदी खुद्द रुग्णालयाच्याच दप्तरांत होत्या. म्हणजे दप्तर खोटें नव्हतें, अपुरेंही नव्हतें. चोवीस खाटांच्या घरांत दिवसाला एकाहून अधिक वेळां माणूस कां धरावा लागतो, असा प्रश्न त्या दप्तराला कोणी विचारला नाहीं, इतकेंच. नोंद आहे कीं नाहीं हें पाहणें कारकुनाचें काम आहे. तपासनीसाचें काम त्या नोंदीचा अर्थ लावण्यापासून सुरू होतें.

२०१४ सालापासून आयोगानें प्रत्येक निवासगृहाला पांच प्रश्न विचारण्याचा परिपाठ घातला. राहणारा सुरक्षित आहे काय? देखभालीचा परिणाम दिसतो काय? वागणुकींत आपुलकी आहे काय? ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें व्यवस्था बदलते काय? आणि घर चालविणाराला घर चालवितां येतें काय? यांवरून 'उत्कृष्ट', 'चांगलें', 'सुधारणा हवी' किंवा 'अपुरें' असा शेरा मिळतो, आणि तो दर्शनी जागीं लावावा लागतो. निवासगृहाची तपासणी बहुधा पूर्वसूचना न देतां होते. घर अगदीं लहान असेल, तर मात्र सगळीं मंडळी बाहेर गेलेलीं असूं नयेत म्हणून थोडी आधीं वर्दी देतात.

हे प्रश्न सोपे दिसतात, पण उत्तर देणारा बोलत नसेल तर ते कोणाला विचारावयाचे? यासाठीं ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या साहाय्यानें निरीक्षणाची एक रीत बसविलेली आहे. तपासनीस जेवणघराच्या किंवा बैठकीच्या खोलीच्या एका कोपऱ्यांत गुपचूप बसतो आणि थोडीं माणसें निवडून त्यांच्याकडे पाहत राहतो. दर पांच मिनिटांनीं तो टिपून ठेवतो : हा माणूस खुशींत आहे कीं खिन्न? कशांत गुंतलेला आहे कीं नुसता भिंतीकडे बघतो आहे? परिचारक त्याच्याजवळ आला तो कसा आला? समजा, एक परिचारक एका बाईंच्या तोंडांत घास घालतो आहे आणि त्याच वेळीं त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या सोबत्याशीं कालच्या फुटबॉलच्या सामन्याच्या गप्पा मारतो आहे. शेजारच्या टेबलाशीं दुसरा परिचारक खुर्ची ओढून समोर बसला आहे, चमचा आधीं दाखवितो आहे, तोंड उघडण्याची वाट पाहतो आहे. नोंदवहींत दोन्ही ठिकाणीं 'दुपारचें जेवण दिलें, पूर्ण खाल्लें' एवढेंच येणार! या दोन घासांमधील अंतर ओळखणें, हेंच देखभालीच्या तपासणीचें मर्म होय. त्याला वेळ लागतो. घाईघाईनें घरभर फिरून जाणाऱ्याला तें दिसावयाचें नाहीं.

कांहीं माणसें 'मेकॅटन' नांवाच्या हातवाऱ्यांच्या खुणांनीं बोलतात, कांहीं चित्रांच्या पत्त्यांनीं. तपासनीसाबरोबर कित्येकदां असाही एक सहायक असतो, कीं जो स्वतः बौद्धिक दिव्यांग आहे किंवा ज्यानें अशा आप्ताची वर्षानुवर्षें काळजी वाहिली आहे. कोटबूट घातलेल्या साहेबाला जें सांगितलें जात नाहीं, तें अशा माणसाला चहा पितां पितां सांगितलें जातें. ही योजना ज्याला सुचली, त्याला मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे.

कागदपत्रेंही पाहावीं लागतात, पण तीं प्रश्न हातीं घेऊन पाहावीं लागतात. औषधांचा तक्ता हें त्यांतील पहिलें. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानें २०१५ सालीं असा अंदाज केला कीं तीस ते पस्तीस हजार बौद्धिक दिव्यांग प्रौढांना तशा आजाराचें निदान नसतांना मनावर परिणाम करणारीं औषधें रोज दिलीं जात आहेत. पुष्कळदां त्यांचा उपयोग आजार बरा करण्यापेक्षां माणूस गप्प बसविण्याकडे अधिक होतो. अशीं औषधें कमी करण्याची मोहीम २०१६ सालीं सुरू झाली. 'लागेल तेव्हां द्यावें' असें लिहिलेलें शामक औषध एका विशिष्ट पाळींतच नेमकें वारंवार कां लागतें, हें चाणाक्ष तपासनीस तारखा ताडून पाहतो. त्या पाळीला माणसें कमी असतात, असें उत्तर कित्येकदां निघतें.

दुसरी नोंद सांगावयास संकोच वाटावा अशी आहे, पण ती टाळतां येत नाहीं. ती शौचाची. सफक परगण्यांतील तेहतीस वर्षांचा एक गृहस्थ २०१२ सालीं बद्धकोष्ठासारख्या साध्या विकारानें रुग्णालयांत मरण पावला. त्याला ही व्याधि जन्मभर होती, आणि ती सर्वांना माहीतही होती. आहार सांभाळणें आणि रोजची नोंद ठेवणें एवढ्यावर तो अनेक वर्षें ठीक होता. पण ज्या घरांत तो राहत होता, त्याचें स्वरूप मध्यंतरीं बदलून तें निवासगृहाऐवजीं 'साहाय्यासह स्वतंत्र निवास' झालें, आणि ही बारीक निगराणी सुटली. २०१८ सालीं त्याच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी पुरी झाली, तेव्हां वेळीं लक्ष देण्याच्या किती संधि हुकल्या तें उघड झालें. पोटांत दुखतें असें ज्याला सांगतां येत नाहीं, त्याच्या बाबतींत ही क्षुल्लक नोंदच त्याची वाणी असते.

मग संमतीचा प्रश्न. २००५ च्या मानसिक क्षमतेच्या कायद्याप्रमाणें प्रत्येक प्रौढाला निर्णय घेतां येतो असेंच धरून चालावयाचें. घेतां येत नाहीं हें सिद्ध करण्याची जबाबदारी तसें म्हणणाऱ्यावर असते. एक जण अति खातो म्हणून स्वयंपाकघराला कुलूप लागतें, आणि उरलेल्या पांचांना पाण्याच्या पेल्यासाठींही विचारावें लागतें. तें कुलूप कोणासाठीं लावलें, कोणाच्या हिताचा विचार करून लावलें आणि तें काढण्याचा विचार शेवटीं केव्हां झाला, असें तपासनीस विचारतो. आपल्याकडे घरोघर प्रेमापोटीं अशीं कुलपें लावलीं जातात. त्यांना हा प्रश्न विचारणारें कोणी नसतें.

एवढें सगळें बसविल्यावरही पुन्हां फसगत झालीच. डरहम परगण्यांतील 'व्होर्लटन हॉल' या रुग्णालयांतील छळाचें गुप्त चित्रण २०१९ च्या मे महिन्यांत बीबीसीनें दाखविलें, तेव्हां त्याच्यावर आयोगाचा शेरा 'चांगलें' असा होता. त्याहून खेदाची गोष्ट अशी कीं २०१५ सालीं एका तपासनीसानें तेथें सुधारणा हवी असा अहवाल लिहिला होता, तो आयोगानें प्रसिद्धच केला नव्हता. न छापण्याचा तो निर्णय चुकीचा होता, असें स्वतंत्र समीक्षणांत २०२० सालीं ठरलें. त्यानंतर 'बंदिस्त वातावरण' ही कल्पना तपासणींत महत्त्वाची धरली जाऊं लागली. घर आडबाजूला असणें, भेटीला कोणी न येणें, राहणारांना बोलतां न येणें, व्यवस्थापक वारंवार बदलणें, एकाच गोतावळ्यांतील माणसें नोकरीस असणें, यांपैकीं कांहीं गोष्टी एकत्र आल्या कीं छळाचा पुरावा हातीं नसतांनाही तपासनीसानें सावध व्हावें. संध्याकाळीं आणि रविवारीं जावें. दिपोटीसाहेब रविवारीं येत नसत, हें शाळांना पक्कें माहीत असे!

आयोगाची शक्तीही तोकडी पडते. २०२४ सालीं डॉ. पेनी डॅश यांनीं आयोगाच्या कारभाराचें समीक्षण केलें, त्यांत असें आढळलें कीं त्याच्या कक्षेंतील सुमारें पांचांत एका ठिकाणाला आजवर एकही शेरा मिळालेला नव्हता.

आणि शेरा 'अपुरें' असा पडला, तर पुढें काय? आयोग लेखी ताकीद देतो, नवीं माणसें घेण्यास मनाई करतो, खटला भरतो, आणि शेवटीं नोंदणी रद्द करून घर बंद करवितो. येथें तपासनीसाच्या मनाची खरी ओढाताण होते. तें घर वाईट असलें तरी तें कोणाचें तरी घर असतें. वीस वर्षें एकाच खिडकीशीं बसणाऱ्या माणसाला एका महिन्यांत चाळीस मैलांवर हलविलें, तर तो कां हलविला जात आहे हें त्याला कोण कसें समजावणार? विंटरबोर्ननंतर सरकारनें असा शब्द दिला होता कीं रुग्णालयांत विनाकारण अडकलेल्या सर्व बौद्धिक दिव्यांगांना १ जून २०१४ पर्यंत वस्तींतील लहान घरांत नेलें जाईल. ती मुदत टळली. २०२४ साल संपलें तेव्हांही बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न मिळून सुमारें दोन हजार माणसें इंग्लंडमधील रुग्णालयांतच होतीं; त्यांतील कित्येकांच्या बाबतींत, जावयाला घर मिळालें नाहीं, एवढेंच कारण होतें.