चिखलात थांबलेले मासे

दक्षिण मोझांबिकच्या माळरानावर पाऊस झाला की खोलगट जागी डबकी साचतात आणि काही महिन्यांत आटतात. एरवी नदीशी त्यांचा संबंध नसतो, तरी त्यांत मासे सापडतात. ‘नोथोब्रँकियस फुर्झेरी’ हा त्यांपैकी एक किलिफिश. डबके किती टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून तो १५ दिवसांतही वयात येऊ शकतो. मादी तळच्या चिकणमातीत अंडी घालते. पाणी आटले की मासे मरतात. अंड्यांतल्या भ्रूणांची वाढ मात्र तीन टप्प्यांपैकी कुठेतरी थांबते. सगळ्यांची एकाच टप्प्यावर नाही, आणि मला खरे नवल याचेच वाटते. पहिला पाऊस फसवा निघाला, डबके आठवड्यात आटले, तर बाहेर पडलेली पिल्ले मरतात. जी अंडी तेव्हा तयारच नव्हती, ती मातीत शिल्लक राहतात.