रानवाटेची गाडी – भाग ७ : हवेचा पंप निवडताना

टायरातली हवा सोडायला काही लागत नाही. व्हॉल्व्हची टोपी काढायची, बाभळीच्या काडीनं आतली पिन दाबायची, बस. गेल्या भागात आपण तेवढंच शिकलो. रेतीत शिरण्याआधी हवा ३२ पीएसआयवरून १८ वर आणायची, म्हणजे टायर पसरतो, त्याचा ठसा लांबतो आणि गाडी रुतत नाही. ती परत कशी भरायची हे मी मुद्दाम पुढच्या भागावर टाकलं होतं, कारण त्यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे.

लाखांदूर तालुक्यात चुलबंद नदीचं पात्र. मे महिना. चारही टायर १८ वर आणले आणि गाडी रेतीतून हसतखेळत निघाली. डांबरीवर येऊन पंप काढला. अठराशे रुपयांचा, सिगारेट लायटरच्या खोबणीत खुपसायचा. पहिला टायर भरला. दुसरा निम्मा होईतो पंप आपणहून बंद पडला. हात लावला तर चटका. अर्धा तास मोहाच्या सावलीत बसलो. पुन्हा सुरू केला, तर तिसऱ्या टायरला खोबणीचा फ्यूज उडाला. शेवटी पंक्चरच्या दुकानापर्यंत ताशी वीसच्या चालीनं गेलो. मागून येणारे सायकलवाले पुढे निघून जात होते. पंपाच्या खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं : १५० पीएसआय. माझ्या टायरांना हवे होते बत्तीस.

हा आकडाच फसवतो. १५० पीएसआय म्हणजे पंप जास्तीत जास्त किती दाबापर्यंत रेटू शकतो ते. तो आकडा गाठताना हवा जवळजवळ थेंब थेंब येते. आपल्याला विचारायचं असतं ते वेगळंच : ३० पीएसआयच्या दाबाविरुद्ध हा पंप मिनिटाला किती लिटर हवा देतो?

थोडा हिशेब करू. थारला येतो तसा २५५/६५ आर १८ टायर घ्या. त्याच्या आत साधारण ७० लिटरची पोकळी असते. १८ वरून ३२ वर न्यायचं म्हणजे १४ पीएसआय वाढवायचे. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय, म्हणजे टायरात बाहेरची जवळपास ६७ लिटर हवा कोंबावी लागते. चार टायरांची पावणेतीनशे लिटर. खोक्यावर ‘३५ लिटर प्रति मिनिट’ लिहिलेला पंप कागदावर आठ मिनिटांत काम संपवतो. पण ते ३५ लिटर नळी मोकळी असतानाचे. टायरात दाब वाढला की पिस्टनला जोर लागतो आणि हवा घटते, म्हणून आठाची बारा मिनिटं सहज होतात. उन्हाळ्यात मधे पंप थांबला तर त्यावर आणखी विश्रांती. ७० लिटरचा पंप हेच काम सहा-सात मिनिटांत करतो आणि तापायच्या आत मोकळा होतो. रेतीत जाणाऱ्या गाडीला माझं उत्तर सरळ आहे : सत्तरच्या खाली येऊ नका. नुसती शहरात फिरणारी गाडी असेल, तर पस्तीसचा पुरतो.

तापण्याचाही आकडा असतो. त्याला ड्यूटी सायकल म्हणतात. ३३ टक्के असेल, तर दहा मिनिटं चालवा आणि वीस मिनिटं थंड होऊ द्या. मात्र हा टक्का बरेचदा पंचवीसेक अंशाच्या हवेत मोजलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, वर डांबर तापलेलं. तिथे टक्का मनातल्या मनात कमी धरावा. पंप जमिनीवर न ठेवता बोनेटवर, सावलीच्या बाजूला ठेवा. मुरुमाची धूळ त्यानं ओढली, तर तोंडाशी लावलेला स्पंजचा फिल्टर आठवड्यात तांबडा होतो. तो धुता येतो का, सुटा मिळतो का, हे दुकानात विचारलं, तर दुकानदार तुमच्याकडे जरा आदरानं बघतो.

वीज कुठून घेता, हेही बघा. गाडीच्या खोबणीचा फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्टवर त्याचे १२० ते १८० वॅट होतात. त्यापुढचा पंप त्या खोबणीचा नव्हेच. मोठा पंप चिमट्यांनी थेट बॅटरीला लावायचा, लाल चिमटा अधिकला, आणि इंजिन सुरू ठेवायचं. वायर आणि नळी मिळून बोनेटपासून मागच्या चाकापर्यंत पोचायला हव्यात. हे घरीच मोजा. रेतीच्या काठावर नळी एक फूट कमी पडल्याचं दुःख मोठं असतं.

हा खटाटोप उतरून करावाच लागू नये, अशी गाडीही होऊन गेली आहे. अमेरिकेनं दुसऱ्या महायुद्धात ‘डक’ नावाचा, जमिनीवर आणि पाण्यातही चालणारा ट्रक काढला. त्यात चालकाला बसल्या जागेवरून, गाडी चालू असतानाच टायरातली हवा कमी-जास्त करता यायची. पाण्यातून किनाऱ्याच्या वाळूवर आणि वाळूवरून रस्त्यावर येताना थांबावं लागत नसे. हवा सोडणं आणि भरणं हे एकच काम आहे, हे लष्कराला तेव्हाच कळलं होतं. आम्ही मात्र सोडायचं शिकून भरायचं पंक्चरवाल्यावर सोपवतो.

गेजबद्दल. पंप चालू असताना काटा दाखवतो तो नळीतला दाब असतो, टायरातला नव्हे. पंप बंद करा, काटा दोन-चार पीएसआयनं खाली बसेल, तो खरा. खिशात एक सुटा गेज ठेवलेला बरा. डिसेंबरात जंगलाच्या पिटेझरी गेटवर पहाटे १० अंशात ३० भरलेला टायर, त्यातली हवा दुपारी ३५ अंशांवर गेली की ३४ दाखवेल. कुणी बिचकून त्यातली हवा सोडतो, आणि दुसऱ्या पहाटे टायर नरम पडलेला असतो. हवा थंड टायरालाच मोजायची.

आता खरं सांगतो, आपल्या भागातल्या प्रत्येक चिखलाला हवा कमी करणं लागू पडत नाही. सिहारसारख्या रेताड जमिनीत आणि नदीच्या पात्रात फरक लगेच दिसतो. चिकट कन्हार जमिनीचा चिखल टायरच्या खाचांत भरून बसला, की हवा कितीही सोडा, चाक लोण्यावर फिरल्यासारखं फिरतं. तिथे दात खोल असलेला टायर आणि दोरी ओढणारा माणूस हवा. ट्यूबलेस टायर बारा-तेराच्या खाली नेऊन वळण घेतलंत, तर तो रिमवरून सुटतो. सुटलेला टायर बसवायला जो झोत लागतो, तो यातला कोणताही लहान पंप देत नाही.

पंप घेतलात की रोवणीच्या दिवसांत शेजारी मागायला येणारच. ट्रॅक्टरची बॅटरीही १२ व्होल्टची, त्यामुळे चिमटे लागतात. पण मागच्या मोठ्या टायराची पोकळी पावणेतीनशे लिटरांच्या घरात. सहा पीएसआय वाढवायलाच शंभरावर लिटर हवा जाते, थारच्या दीड टायराएवढी. धानाच्या बांधीत पकड यावी म्हणून बरेच जण त्यात पाणीही भरतात. तेव्हा हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला फिरवून घ्या. तो खाली राहिला, तर गेजमध्ये आणि नळीत पाणी शिरतं आणि शेजाऱ्यावर केलेल्या उपकाराची किंमत नवा पंप घेऊन मोजावी लागते. हातातले मोबाइलएवढे चार्जिंगचे पंप तर ट्रॅक्टरला दाखवूही नका. दुचाकीला आणि एखाद्या मोटारीच्या टायरात पाचेक पीएसआय चढवायला ते चांगले आहेत, तिथेच ठेवा.

बिल जपून ठेवा. घेतल्याच्या आठवड्यात, अंगणात, भर दुपारी चारही टायर १८ वर आणा आणि घड्याळ लावून ३२ वर न्या. पंधरा मिनिटांत झालं नाही किंवा पंप मधेच थांबला, तर तो बदलून आणा. पावसाळ्यात, पांदण रस्त्यावर, ही परीक्षा घ्यायला वेळ मिळत नाही. पुढच्या आठवड्यात : ओढायची दोरी आणि ती बांधायचे हूक.