अश्वपैदास आणि वंशग्रंथाचे प्रकाशन : जोसेफ बॅटेल यांचे कार्य

घोड्याचे मोल दोन गोष्टींवरून ठरते. एक, त्याच्या अंगचे गुण. आणि दुसरी, त्याच्या वंशाविषयी कागदावर असलेली नोंद. गुण खरेदीदाराला प्रत्यक्ष पाहता येतात; वंश पाहता येत नाही, तो वाचावा लागतो. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांची वंशनोंद करणाऱ्या ‘जनरल स्टड बुक’ या ग्रंथाचा पहिला खंड १७९३ साली निघाला. तेव्हापासून पैदास करणारा आणि वंशावळ छापणारा या दोघांचे व्यवहार एकमेकांत गुंतत गेले. मात्र ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीच्या हाती आली, तर तिच्या ग्रंथाचे प्रामाण्य किती मानावे? या प्रश्नाच्या विचारास अमेरिकेतील जोसेफ बॅटेल (१८३९–१९१५) यांचे कार्य फार उपयोगी पडते.

बॅटेल हे व्हरमाँट राज्यातील मिडलबरी या गावचे राहणारे. ‘मिडलबरी रजिस्टर’ हे वृत्तपत्र त्यांच्या मालकीचे होते. डोंगराळ प्रदेशातील हजारो एकर वनभूमी त्यांनी विकत घेऊन राखली. मोटारगाडीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता, आणि मोटारींच्या अपघातांच्या बातम्या ते आपल्या पत्रात आवर्जून छापीत. त्यांचे खरे प्रेम होते ते मॉर्गन जातीच्या घोड्यांवर. मिडलबरीजवळच्या वेब्रिज येथे त्यांनी या जातीच्या पैदाशीसाठी मोठी अश्वशाळा चालविली, आणि १८९४ साली ‘द मॉर्गन हॉर्स अँड रजिस्टर’ या वंशग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. दुसरा खंड १९०५ साली व तिसरा १९१५ साली निघाला.

मॉर्गन जातीचे वैशिष्ट्य असे की, तिचा उगम एकाच घोड्यापासून झाला. जस्टिन मॉर्गन नावाचे एक शाळाशिक्षक १७८८ साली मॅसॅच्युसेट्समधून व्हरमाँटमध्ये येऊन राहिले. त्यांच्याकडे ‘फिगर’ नावाचा एक लहान चणीचा घोडा होता. मालक १७९८ साली वारले; घोडा पुढे अनेकांच्या हाती गेला आणि १८२१ साली मेला. तोपर्यंत मालकाचेच नाव घोड्याला पडले होते. नांगर, ओंडके, गाडी व स्वारी या सर्व कामांत त्याची ख्याती होती, आणि आपली ठेवण तो संततीत उतरवीत असे. परंतु त्याचा पिता कोण, हे निर्विवाद सांगणारी नोंद नव्हती. त्या शिक्षकाला काय ठाऊक की, आपल्या घोड्याच्या कुळाची चौकशी शंभर वर्षांनी होणार आहे!

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. फिगरचा पिता ‘ट्रू ब्रिटन’ हा उमदा घोडा होता, असे मॉर्गन घराण्यातील माणसे सांगत. हे खरे मानले, तर सबंध जातीचा संबंध इंग्लंडच्या शर्यती घोड्यांच्या कुळाशी जुळतो व तिची प्रतिष्ठा वाढते. खोटे ठरले, तर तिला केवळ स्वतःच्या गुणांवर उभे राहावे लागते. डी. सी. लिन्स्ले यांनी १८५७ साली मॉर्गन घोड्यांवर पहिला विस्तृत ग्रंथ लिहिला आणि ट्रू ब्रिटनचे पितृत्व स्वीकारले. बॅटेल यांनी तो विषय नव्याने हाती घेतला. जुन्या वृत्तपत्रांतील जाहिराती, वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणी व पत्रे त्यांनी गोळा केली. घोडा पैदाशीसाठी अमुक गावी उपलब्ध आहे, अशा जाहिराती त्या काळी मालक देत. फिगरच्या अशा जाहिराती १७९० नंतरच्या लगतच्या वर्षांतील असल्याने, त्याचा जन्म त्यापूर्वी काही वर्षे झालेला असला पाहिजे हे उघड होते. १७८९ हे जन्मवर्ष बॅटेल यांच्या संशोधनामुळे रूढ झाले. पितृत्वाच्या बाबतीत मात्र त्यांचाही कौल ट्रू ब्रिटनच्याच बाजूने पडला.

वंशग्रंथात कोणत्या घोड्याला स्थान द्यावे, याचा नियमही बॅटेल यांनी घातला. घोडा सरळ नरपरंपरेने फिगरपासून उतरलेला असावा आणि त्याच्या अंगी फिगरचे किमान १/६४ रक्त असावे, असा तो मुख्य नियम होय. आई व पित्याची आई यांचे कुळही चालीच्या किंवा सडकेवरील घोड्यांपैकी मान्य असावे लागे. येथे थोडे गणित करून पाहणे बोधप्रद आहे. प्रत्येक पिढीत रक्ताचा अंश निम्मा होतो. तेव्हा १/६४ म्हणजे सहावी पिढी. बॅटेल यांच्या अश्वशाळेतील ‘जनरल गेट्स’ या नामांकित घोड्याची नरपरंपरा अशी : फिगर, शर्मन मॉर्गन, ब्लॅक हॉक, ईथन ॲलन, ऑनेस्ट ॲलन, डेनिंग ॲलन, जनरल गेट्स. ही नेमकी सहावी पिढी होय, आणि जनरल गेट्सचा जन्म वंशग्रंथाच्या पहिल्या खंडाच्याच वर्षी, म्हणजे १८९४ साली झाला. मर्यादा आखणाऱ्याच्या तबेल्यातील घोडा केवळ नरपरंपरेच्या बळावर त्या मर्यादेत बसत होता.

एवढ्यावरून बॅटेल यांच्या हेतूबद्दल आरोप करणे न्याय्य होणार नाही. त्या पिढीतील इतर मालकांचे घोडेही त्याच नियमाने आत आले. तथापि वादी आणि न्यायाधीश एकच असल्याची ही स्थिती मराठी इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. वतनाच्या तंट्यात पक्षकार आपल्या घराण्याची हकीकत ज्यात मांडतो तो करीना, आणि गोतसभेने साक्षीपुरावा ऐकून केलेला निर्णय तो महजर. करीन्यातील वंशावळ अभ्यासक टाकून देत नाहीत. पण ती दावेदाराने लिहिली आहे हे विसरतही नाहीत. बॅटेल यांचा ग्रंथ करीना आणि महजर या दोन्ही रूपांनी एकाच हातून उतरला आहे, व त्याचे वाचन त्याच सावधगिरीने केले पाहिजे.

अशी सावधगिरी बाळगणारा टीकाकार त्यांना भेटलाही. दुडक्या चालीच्या शर्यती घोड्यांची वंशनोंद १८७१ पासून छापणारे व ‘वॉलेसेस मंथली’ हे मासिक चालविणारे जॉन एच. वॉलेस यांनी ट्रू ब्रिटनच्या पितृत्वाची कथा अविश्वसनीय ठरविली. हा वाद निकालात निघाला नाही. परंतु तो चालविणे शक्य झाले याचे बरेचसे श्रेय बॅटेल यांनाच द्यावे लागते. कारण त्यांनी आपले निष्कर्ष छापले तसे त्यांमागील जाहिराती, पत्रे व साक्षीही छापल्या. ज्याला निष्कर्ष पटत नाही त्याला पुरावा तपासण्याची सोय त्याच ग्रंथात आहे.

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट केली. वेब्रिज येथील अश्वशाळा त्यांनी १९०७ च्या सुमारास अमेरिकेच्या कृषिखात्यास देऊन टाकली. तेथील सरकारी पैदाशीत जनरल गेट्स हाच प्रमुख नर राहिला. १९५१ साली ही संस्था व्हरमाँट विद्यापीठाकडे आली. १९०९ साली स्थापन झालेल्या मॉर्गन हॉर्स क्लबने पुढे वंशनोंदीचे काम चालविले, आणि १९४८ पासून बाहेरच्या रक्तास नोंदवहीचे दार बंद केले. एका माणसाच्या मुठीत असलेले दोन अधिकार अशा रीतीने दोन स्वतंत्र संस्थांकडे गेले.

आज शिंगराचे आईबाप जनुकीय चाचणीने पडताळता येतात, आणि प्रकाशकाच्या शब्दावरचा भार तेवढ्यापुरता हलका झाला आहे. जुन्या पिढ्यांपुरता मात्र कागदाचाच आधार घ्यावा लागतो. तो कागद बहुधा घोड्यांत जीव आणि पैसा गुंतविलेल्या माणसांनीच लिहिला आहे. कारण इतर कोणास तो लिहिण्याची आस्था नव्हती. लेखकाचा स्वार्थ ओळखणे आणि त्याच्या परिश्रमाचे ऋण मानणे ही दोन्ही कर्तव्ये म्हणून अभ्यासकास एकाच वेळी पार पाडावी लागतात.